बाळ आधी, सुई नंतर

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम यंदा केतकीकडे आहे. ती मला म्हणाली, "मावशी, प्रेमाच्या हार्मोनवर लिहा ना. लोकांना फार आवडेल." मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई. बाळंतपणाच्या खोलीत जन्म गेला, लाद्या पुसल्या, बायकांच्या पाठी चोळल्या. प्रेमावर लिहिणारे पुष्कळ असतील. मी सुईवर लिहीन. ती म्हणाली, "चालेल, पण जरा हसतंखेळतं लिहा." ते जमलं तर जमलं. शुद्धलेखन केतकीने बघितलं आहे, बाकी माझं आहे.

मी आया होते. आमचे ‘हे’ केंद्र सरकारच्या एका ऑफिसात शिपाई होते, त्यांच्यामागे दिल्लीला आले. पुढे मुलगा मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला, तेव्हा तिकडे राहायला गेलो आणि तिथल्याच एका लहानशा नर्सिंग होममध्ये मी काम धरलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याची गरज नाही. आता मुलीकडे नोएडाला असते आणि हातपाय चालतात तोवर बाळंतिणींची मालीश करते.

आयाचं काम काय, असं लोक विचारतात. डॉक्टर बाळ काढते, सिस्टर सुई टोचते आणि उरलेलं सगळं आया करते. उरलेलं म्हणजे काय, हे ज्यांनी बाळंतपण पाहिलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांनी फराळ करता करता हे वाचू नये.

औषधाचं नाव ऑक्सिटोसिन. हे नाव नीट म्हणायला मला बरेच दिवस लागले. तिकडची माणसं त्याला ‘दर्द की सुई’ म्हणतात. काचेची छोटीशी कुपी असते, करंगळीच्या पेराएवढी. औषध पाण्यासारखं दिसतं. कारखान्यात बनायच्या आधीपासून ते प्रत्येक बाईच्या डोक्यात बनत आलं आहे. आमच्या डॉक्टर मॅडम रोहतकच्या, बोलायला रोखठोक, पण विचारलं तर समजावून सांगायच्या. त्या म्हणाल्या, बाळ यायची वेळ झाली की हे डोक्यातून रक्तात उतरतं आणि गर्भाची पिशवी आवळायला लागते. बाळ छातीशी ओढायला लागलं की पुन्हा उतरतं, दूध सुटतं आणि पिशवीही आवळते. बाई घाबरली, तिच्यावर कुणी खेकसलं, तर ते आखडतं. म्हणून मॅडमनी आम्हा आयांना पहिल्या दिवशी बजावलं होतं, "मेरे लेबर रूम में कोई चिल्लाएगा तो सिर्फ़ पेशंट।" त्याआधी मी जिथे होते तिथे आया बाळंतिणीला शिव्या देत. ते कामच आहे असं मला वाटे.

पिशवी म्हणजे मूठ समजा. कळ आली की मूठ आवळते, कळ गेली की सैल पडते. सैल पडते तेव्हा आतलं बाळ श्वास घेतल्यासारखं सावरतं. त्याला रक्त मिळतं, आईलाही दम मिळतो. कळा अगदीच येत नसतील किंवा मध्येच थंडावल्या, तर डॉक्टर हे औषध सलाईनमधून देतात. थेंब थेंब, मोजून, बाळाच्या ठोक्यांकडे कान लावून. शेजारी ऑपरेशनची खोली तयार ठेवून. जास्त झालं तर नळी बंद करता येते. पण तेच औषध सुईने दंडात किंवा मांडीत एकदम घातलं, तर ते परत काढता येत नाही. मूठ आवळते आणि आवळलेलीच राहते. आत बाळ गुदमरतं. कधी पिशवीच फाटते आणि कळा एकदम थांबतात. बाहेरून एक थेंब रक्त दिसत नाही आणि बाई आतल्या आत संपते.

हे माहीत नसलेली माणसं थोडी नाहीत. एक सासू सुनेला घेऊन आली होती, कळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, एक सुई लगवा दे, भैंस दुहने का टैम हो रया सै।" हरयाणात म्हाताऱ्या बाईला ताईच म्हणतात, त्यामुळे मला तिथे कधी परकं वाटलं नाही. मी म्हटलं, भैंस रुक जाएगी. ती म्हणाली, भैंस नहीं रुकती, बहू रुक जाती है.

म्हशीचं निघालं तर तेही सांगते. नर्सिंग होमच्या मागे एक डेअरीवाला होता. पारडू मेलं की म्हैस पान्हा सोडत नाही. मग रोज धारेच्या आधी तो तिला हीच सुई टोचायचा. सरकारने बंधनं घातली आहेत, तरी त्याला कुठून तरी बाटली मिळायची. एकदा मिळेना, तर मलाच विचारायला आला, "अम्मा, अपने अस्पताल से दिलवा दो, दूध के पैसे मत देना।" मी त्याच्याकडून दूध घेणंच बंद केलं. मॅडम म्हणाल्या, "दूध से तुझे कुछ नहीं होगा, पेट में जाके वो हज़म हो जाता है। दुख भैंस का है।" मी म्हटलं, मग म्हशीसाठी बंद.

आणि फ्रिज. ही कुपी थंडीत ठेवावी लागते, नाहीतर तिचा जोर जातो. गावोगाव फिरणारे डॉक्टर ती जूनच्या उन्हात खिशात घालून हिंडतात. मग एक सुई लागू पडत नाही म्हणून दुसरी देतात, आणि दुसरी असते ताजी. आमचा फ्रिज सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. बाळंतिणीच्या नातेवाइकांना फ्रिज दिसला की त्यात कोल्डड्रिंक ठेवावंसं वाटतं. दहा वेळा दार उघडलं की थंडी गेली. एका नवऱ्याने त्यात पनीर ठेवलं होतं. ते मी बाहेरच्या कुत्र्याला घातलं. नवरा दवाखान्याच्या मालकांकडे गेला, मालक मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, "कुत्ते को हज़म हुआ?"

आता केतकीचं सांगते, तिची परवानगी आहे. ती इकडे एका बातम्यांच्या चॅनेलात आहे. तिचं सीझर झालं आणि मी मालीशला जायला लागले, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रडत असायची. मुलगा शेजारी झोपलेला. म्हणाली, "मावशी, मला काहीच वाटत नाही हो याच्याबद्दल. मी वाचलंय, सीझरमध्ये तो लव्ह हार्मोन कमी पडतो. नाकात मारायचा स्प्रे मिळतो म्हणे. मागवू का?"

मी म्हटलं, "किती झोपलीस?"

"झोपले नाही."

"मग प्रेम कुठून येईल? आधी झोप. दूध मी काढून पाजते."

नाकातल्या स्प्रेबद्दल मी मॅडमना फोन करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, त्याने आई-बाळाचं प्रेम जुळतं असं अजून कुणी पक्कं सांगितलेलं नाही, फोनवर बघून मागवायची ती चीज नाही. आणि रडणं थांबलं नाही तर तिला डॉक्टरकडे ने, ते दुखणंही असू शकतं. केतकी झोपली, नवऱ्याने दोन रात्री मुलगा सांभाळला, तरी रडणं पूर्ण गेलं नाही, तेव्हा डॉक्टरकडे गेली. बरी झाली. आता मुलाचे इतके फोटो पाठवते की माझा फोन भरून जातो. तर प्रेमावरचं एवढंच.

मला लिहायचं आहे ते सिंधूबाईबद्दल.

सिंधूबाई जालन्याकडची. तिची धाकटी लेक रेखा मानेसरला होती. जावई नितीन कारखान्यात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, पण सिंधूबाईने लेकीला माहेरी नेलं नाही, स्वतःच गाडीत बसून इकडे आली. शेजारपाजारच्या बायकांना नवल वाटलं. रेखाला तपासायला आणलं तेव्हा मी मराठीत "पाय पुसून आत या" म्हणाले आणि सिंधूबाईने माझा हातच धरला.

"तुमी आपल्याकडच्या का? बरं झालं बाई. मला एक वचन द्या."

"कसलं?"

"माझ्या लेकीला कळांची सुई देऊ देऊ नका."

मग तिने सांगितलं. थोरली लेक शोभा, माहेरी बाळंतपणाला आलेली. कळा रेंगाळल्या. गावात एक सुया देणारा होता, त्याला बोलावलं. त्याने सुई दिली. शोभा गेली, बाळही गेलं. तालुक्याच्या डॉक्टरने नंतर सांगितलं, सुईने पिशवी फाटली. सिंधूबाईने हे सगळं सरळ आवाजात सांगितलं, डोळ्याला पदर लावला नाही. तेवढ्यानेच ती मला पटली.

मी म्हटलं, "मी आया आहे. मी वचनं देत नाही. मॅडमना सांगते."

मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बोल दे उनको, घर वाली सुई यहाँ नहीं लगती। ड्रिप की ज़रूरत पड़ी तो पूछ के लगाऊँगी।" मी मराठीत सांगितलं. सिंधूबाईने मॅडमना हात जोडले. तिला सुटल्यासारखं झालं.

यात एक गोष्ट राहून गेली. बाळ बाहेर आलं की लगेच आईला हीच सुई मांडीत देतात, प्रत्येक बाईला. तेव्हा पिशवीने आवळून राहायलाच हवं. नाळेच्या दुसऱ्या टोकाची वार जिथे चिकटलेली असते तिथे रक्ताच्या नळ्या उघड्या पडतात. मूठ मिटली की त्या बंद होतात. मिटली नाही तर बाई रक्त जाऊन मरते, आणि फार वेळ लागत नाही. म्हणजे बाळाच्या आधी जी सुई मारते, तीच बाळाच्या नंतर तारते. हे आम्हा सगळ्यांना इतकं माहीत होतं की ते कुणाला सांगायचं असतं हेच आम्ही विसरलो होतो. नाळ कापतो, हे कुणी आधी सांगतं का? तसंच ते. मॅडमच्या मनात आलं नाही, सिस्टरच्या आलं नाही, माझ्याही आलं नाही.

रेखाला कळा लागल्या त्या सकाळी नितीनने दोघींना शेअर ऑटोने आणून सोडलं आणि तो पाळीला गेला. पहिलटकरीण, वेळ लागेल असं त्याला वाटलं, आणि ते बरोबरच होतं. कारखान्यात फोन गेटवर जमा करतात. म्हणजे तो आत गेला की बाहेरच्या जगाला मेला.

आमच्याकडे बाळंतिणीजवळ घरची एक बाई राहू देत. सिंधूबाई राहिली. तिने लेकीची कंबर दाबली, पाणी पाजलं, दोघी हळूहळू खोलीत फेऱ्या मारत राहिल्या. दुपारकडे कळा जरा मंदावल्या, तेव्हा सिंधूबाई माझ्याकडे बघायला लागली. मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी बाळाचे ठोके ऐकले आणि म्हणाल्या, "बच्चा मज़े में है, माँ मज़े में है, मुझे कहाँ जाना है?" आणि खुर्ची ओढून बसल्या. ड्रिप लावली नाही. कळांनी पुन्हा आपण होऊन जोर धरला. मुलगी झाली, चांगली रडली. मॅडमनी तिला पुसून रेखाच्या छातीवर ठेवलं. सिंधूबाई म्हणाली, "शोभा आली बगा." तिथवर सगळं नीट होतं.

आमची सिस्टर जिन्सी केरळची. कामाला वाघीण. तिने ट्रेमधली कुपी घेतली आणि मान मोडली. टक् असा आवाज झाला. सिंधूबाईने एकदम वळून बघितलं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

"ही कशाची सुई?" तिने मला विचारलं.

आमच्या धंद्यात या प्रश्नाला एक तयार उत्तर असतं. ‘ताकत की सुई.’ सलाईनला ताकत का पानी, सुईला ताकत की सुई. लोक खूश असतात. ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण ही बाई माझ्याकडे वचन मागून बसली होती आणि मी दिलं नव्हतं. निदान खोटं तरी कसं बोलू?

मी म्हटलं, "तीच. पण..."

‘पण’ कुणी ऐकलंच नाही. सिंधूबाई लेकीच्या पायांवर आडवी पडली. जिन्सीने हात पुढे केला तो तिने झटकला, ट्रे खाली, कुपी खाली, काचा झाल्या. रेखा बाळाला धरून कुशीवर वळली. "आक्काला हीच दिली होती ना? मला नको. मावशी, मला नको."

"गोली दे दो," मॅडम म्हणाल्या. पिशवी आवळायची गोळीही असते, जिभेखाली ठेवायची. रेखाने दात घट्ट मिटले. आता तिला आमच्या कशावरच भरवसा राहिला नव्हता.

तेवढ्यात वार पडली. आणि तिच्या मागोमाग रक्त. नेहमी येतं तसं नाही. नळाला जोर असावा तसं.

मॅडमनी एक हात पोटावर दाबून चोळायला घेतला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "ज़बरदस्ती में सुई नहीं लगेगी। जिन्सी, दूसरी निकाल। अम्मा, तू समझा इनको। अपनी बोली में। अभी।"

मला भाषण येत नाही. मी सिंधूबाईचं मनगट धरलं आणि ओढून तिला उभी केली. मॅडमनी काय ओळखलं कोण जाणे, आपला हात काढून जागा दिली. मी सिंधूबाईचा पंजा रेखाच्या पोटावर, बेंबीच्या खाली दाबला.

"काय लागतंय?"

"सोडा मला."

"काय लागतंय ते सांग. लेकरं झालीत ना तुला?"

तिचा हात चाचपत होता. "मऊ," ती म्हणाली. "कणकेवानी."

"बाळ झाल्यावर पोट कसं लागायला पाहिजे?"

"नारळावानी."

"मग? खाली बघ."

तिने खाली बघितलं. माझ्या चपला रक्तात होत्या.

"शोभाच्या वेळी लेकरू आत होतं," मी म्हटलं. "पिशवी आवळली आणि लेकरू अडकलं. आता आत कुणी नाही. आता आवळली नाही तर हीपण जाते."

"ह्या सुईनं आवळंल?"

"बहुतेक वेळा आवळते. नाही आवळली तर मॅडमकडे आणखी उपाय आहेत. पण आधी ही."

मी ‘नक्की’ म्हणायला हवं होतं का, असं नंतर मनात आलं. पण नक्की काहीच नसतं, आणि ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

तेव्हा रेखा बोलली. आवाज अगदी लांबून आल्यासारखा. "आई, देऊ दे गं."

सिंधूबाई जिन्सीला म्हणाली, "टोचा."

जिन्सीने मांडीत टोचलं. सिंधूबाईचा हात पोटावरच होता, त्यावर मॅडमचा. दोघी मिळून चोळत होत्या. मॅडमनी दुसऱ्या हाताने रेखाच्या हाताला आधीच लावून ठेवलेली साधी सलाईन मोकळी सोडली. बाळ मध्ये चुळबुळत होतं, त्याला मी रेखाच्या छातीशी लावलं. मग सिंधूबाईची बोटं थबकली.

"आलं," ती म्हणाली. "कडक आलं."

रक्त लगेच थांबलं नाही, पण जोर गेला, मग ओघळ झाला, मग थेंब. मॅडमनी तरीही बराच वेळ हात उचलला नाही, सिंधूबाईचाही उचलू दिला नाही. रेखाला रक्त चढवावं लागलं. ते गुडगावहून आणलं. पाळी संपून फोन हातात आल्यावर नितीनला मुलगी झाली एवढंच कळलं, तो हसत हसत पेढे घेऊन आला आणि बायकोचा पांढरा चेहरा बघून दारातच खाली बसला. पेढ्यांचा पुडा मी उचलला, नाहीतर कुणाच्या तरी पायाखाली आला असता.

लादी पुसायला मी वाकले तर जिन्सी माझ्या डोक्यावर येऊन उभी. "अम्मा, तुम एक झूठ नहीं बोल सकता था? बोलने का ना, विटामिन है! इतना खून गया उसका!"

"वो बाद में पूछती तो?"

"बाद में वो ज़िंदा होता ना! बाद में जितना मर्ज़ी सच बोलो!"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ताकत की सुई म्हणाले असते तर सुई वेळेत पडली असती आणि गुडगावहून रक्त आणावं लागलं नसतं. मी अजूनही ठरवू शकलेले नाही. ज्यांना लगेच ठरवता येतं त्यांनी लादी पुसलेली नसते.

मॅडमनी आम्हा दोघींनाही काही म्हटलं नाही. दुसऱ्या सकाळी म्हणाल्या, "गलती मेरी है। एक सुई की बात की, दूसरी की नहीं की।" आणि त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला. तपासायला येणाऱ्या प्रत्येक बाईला, तिच्या सासूला, आईला आधीच सांगायचं की बाळाच्या आधी घरी कुणाकडून सुई घ्यायची नाही, आणि बाळाच्या नंतर दवाखान्यात मिळेल ती नाकारायची नाही. सांगायचं काम माझ्याकडे आलं. हिंदीत, मराठीत, हरयाणवीत मी ते इतक्यांदा सांगितलं की झोपेत बरळते असं मुलगी म्हणते. तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील तर तुम्हीही सांगा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

मॅडम हे बोलल्या त्याच दिवशी दुपारी सिंधूबाई बाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर डबा, न उघडलेला. मी शेजारी बसले. ती समोरच्या भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे बघत होती.

"असंच झालं होतं, ताई," ती म्हणाली.

"काय?"

"शोभाच्या पोटावरबी माझाच हात होता. त्यानं सुई दिली अन् पोट दगड झालं. काल झालं तसंच. मला लई बरं वाटलं. म्हटलं, चला, जोर आला. त्याला म्हटलं, दादा, अजून एक द्या."

मी तिच्याकडे वळून बसले.

"मग कळा एकदम थांबल्या. शोभा म्हनाली, आई, बरं वाटतंय आता. मी म्हटलं, नीज मग जरा."

आतून कुणाचं तरी बाळ रडत होतं. ते थांबेपर्यंत ती थांबली.

"तुमी तिथं असता तर मला सांगितलं असतं ना?"

हो म्हणणं सोपं होतं. पण काल मी तिच्याशी खोटं बोलले नव्हते, आज कशाला बोलू?

"नसतं सांगितलं," मी म्हटलं. "मी या कामाला लागायच्या आधी माझ्या जावेला घरी अशीच सुई दिली होती. मी चुलीवर पाणी तापवत होते. मलाही वाटलं होतं, बरं झालं, सुटेल लवकर. ती वाचली. त्यात माझी अक्कल काही नव्हती. जे तुम्हाला माहीत नव्हतं, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. सुई घेऊन फिरणाऱ्याला माहीत असायला हवं होतं."

"त्याला माहीत नसंल का?"

"तो थांबला होता का शेवटपर्यंत?"

"न्हाई. पुढच्या गावाला एक बाळंतीण होती म्हनाला. गेला."

एवढं बोलून तिने डबा उघडला. भाकरीचे दोन तुकडे केले, एकावर पिठलं घातलं आणि न विचारता माझ्या हातात दिला. मला भूक नव्हती, पण मी खाल्लं. पिठलं तिखट होतं.

आमचं खाणं अर्ध्यावर होतं, तेवढ्यात आतून रेखाची हाक आली. सिंधूबाई हात न धुताच उठली. मी मागून गेले. बाळ छातीला लागलं होतं, चुरुचुरु ओढत होतं आणि रेखाने ओठ दाताखाली धरले होते.

"आई, ही ओढते तशी पोटात कळ येते गं."

सिंधूबाईने उजवा हात पदराला पुसला आणि लेकीच्या बेंबीखाली ठेवला. डोळे मिटले. मी दारातच उभी होते.

"मॅडमना बोलावू?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "कडक आहे. येऊ दे कळ."